सेफ्टी मीटिंग रोज होते तरी तोच अपघात पुन्हा होतो: आमच्या प्रेसशॉपमध्ये काय सापडलं आणि काय बदललं

प्रॉब्लेम आधी सांगतो. सकाळी 7 ला हजेरीचं पंचिंग झालं की 10 मिनिटं सेफ्टी मीटिंग, रोज, न चुकता. रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या, ऑडिटला आलेला माणूस रजिस्टर बघून समाधानाने जातो, आणि तरीही एका वर्षात एकाच प्रेसवर, म्हणजे पत्र्याला भोकं पाडणाऱ्या, दाबणाऱ्या मशीनवर, तीन वेळा माणसाच्या बोटाला लागलं. पहिल्यांदा नख गेलं, दुसऱ्यांदा कातडी सोलली, तिसऱ्यांदा मधल्या बोटाचं पेर चेपलं आणि पोराला दीड महिना घरी बसावं लागलं. त्याला मीच रिक्षातून दवाखान्यात नेला, हाताला कॉटन वेस्ट गुंडाळलेलं, आणि वाटेत तो मला म्हणतो, साहेब, सकाळी तुम्ही हेच तर सांगत होता. त्याच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती, उलट त्यालाच अपराधी वाटत होतं, आणि ते ऐकून मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही.

मी भोसरी एमआयडीसीत 14 वर्षं आहे, आधी डाय सेटर होतो, म्हणजे प्रेसमध्ये साचा (डाय) बसवून देणारा, आता शिफ्ट इंचार्ज. आमच्यासारख्या 80-90 माणसांच्या शॉपला वेगळा सेफ्टी ऑफिसर नसतो, जुन्या 1948 च्या कारखाने कायद्यात तो 1000 किंवा त्याहून जास्त कामगार असले की सक्तीचा होता, त्यामुळे लहान युनिटमध्ये सेफ्टीचं काम शिफ्ट इंचार्जच्याच गळ्यात येतं आणि त्याला मीटिंग कशी घ्यायची हे कुणी शिकवलेलं नसतं. तुमच्याकडेही मीटिंग होते पण फरक पडत नाही असं असेल तर खाली लिहिलंय त्या क्रमाने तपासून बघा, आम्ही याच क्रमाने गेलो.

पहिलं काम, रजिस्टर उलटं वाचा

आपण रजिस्टरमध्ये सह्या मोजतो. मी त्या अपघातानंतर पहिल्यांदा विषयाचा कॉलम वाचला. मागच्या दोन महिन्यांत 51 मीटिंगा, त्यातल्या 23 वेळा विषय पीपीई, म्हणजे बूट, ग्लोव्ज, गॉगल, इअरप्लग. 9 वेळा हाऊसकीपिंग. प्रेसच्या डायमध्ये हात जातो हा विषय 6 वेळा, आणि सहाही वेळा एकच वाक्य, डायमध्ये हात घालू नका. कामगाराने काय सांगितलं याला रजिस्टरमध्ये कॉलमच नव्हता. तुम्हीही आधी हे करा, दोन महिन्यांची पानं काढा आणि बघा की कामगाराच्या तोंडचं एक तरी वाक्य कुठं लिहिलेलं सापडतंय का. नसेल सापडत तर आपण मीटिंग घेत नव्हतो, सूचना वाचत होतो.

मग मागच्या रांगेत जाऊन उभे राहा

हे ऐकायला साधं वाटतं पण आमचा अर्धा प्रॉब्लेम इथंच होता. आमची मीटिंग कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीशेजारी व्हायची कारण तिथं जागा मोकळी आहे. मी एक दिवस दुसऱ्या सुपरवायझरला बोलायला लावलं आणि स्वतः मागं उभा राहिलो, तर खरं सांगतो, मला चारातला एक शब्द कळत होता. नाईट शिफ्टच्या दोन प्रेस अजून चालू, त्यात कॉम्प्रेसर, त्यात काही पोरांनी इअरप्लग आधीच घातलेले, आणि ते बरोबरच आहे, आवाजात उभं करतो तर प्लग काढायला कसं सांगणार. ते मान हलवत होते कारण पुढचे हलवत होते.

जागा बदलली, डिस्पॅचच्या शेडमध्ये गेलो. आणि 35 माणसांची एक मीटिंग बंद करून तीन गट केले, 10 ते 12 माणसं, अर्धगोल करून उभी, म्हणजे मागची रांगच नाही. वेळ तीच. बोलणारे तीन लागतात, मग दोन सिनियर ऑपरेटर तयार केले, त्यांना सुरुवातीला बोलताना घाम फुटायचा पण त्यांचं पोरं जास्त ऐकतात, कारण त्यांना माहितीय की हा माणूस त्याच मशीनवर उभा राहतो.

भाषेचं इथंच सांगून टाकतो. आमच्याकडे निम्मी पोरं यूपी, बिहार, ओडिशाची. आपण मराठीत बोलतो, मध्ये मध्ये हिंदी. हिंदीवाल्यांचं भागतं, पण ओडिशाच्या नव्या पोरांना हिंदीही धड कळत नाही आणि ती तसं सांगतही नाहीत, हसून मान डोलवतात. त्यांच्यातलाच जुना माणूस शेजारी उभा करून त्याच्याकडून सांगायला लावतो, आणि शेवटी नव्या पोरालाच म्हणतो की आता तू करून दाखव, इमर्जन्सी बटण कुठं, पीस उचलायचा चिमटा कसा धरायचा. तोंडाने हो म्हणणं आणि हाताने दाखवणं यातला फरक पहिल्याच दिवशी कळला, एका पोराने इमर्जन्सी बटण म्हणून कुलंट पंपाचं बटण दाखवलं, दोन महिने कामाला होता तो.

आता टार्गेटचं बघा, हे कुणी बोलत नाही

आमच्या बोर्डवर तासाचं टार्गेट लिहिलेलं असतं, त्या पार्टला तासाला 600 पीस. शिफ्ट 7 ला सुरू, मीटिंग 7:10 पर्यंत, मग मशीनपर्यंत जायचं, पहिला पीस चेक करून घ्यायचा, पण 7 ते 8 च्या रकान्यात टार्गेट 600 च. म्हणजे माणूस मशीनवर उभा राहतो तोच 100 पीस मागं असतो. मग तो काय करणार, चिमटा बाजूला ठेवणार आणि हाताने पीस टाकणार, कारण हाताने पटापट होतं. आम्ही त्याला 10 मिनिटं सुरक्षितपणे काम कर म्हणून सांगायचो आणि त्याच 10 मिनिटांचा भुर्दंड त्याच्यावर टाकायचो. तीन अपघातांची वेळ बघितली तर दोन 8 च्या आत झालेले.

मी हे प्रॉडक्शन मॅनेजरकडे घेऊन गेलो, सरळ पान समोर ठेवलं. पहिल्यांदा नाही म्हणाले, दिवसाचे 100 पीस कुठून भरून काढायचे असा प्रश्न. मी म्हणलं सर, दीड महिना एक माणूस नव्हता त्याचे पीस किती झाले ते पण मोजू. आता पहिल्या तासाचं टार्गेट 480 लिहितो आम्ही, बाकीच्या तासांना हात लावलेला नाही. माझ्या अनुभवात ह्या एका आकड्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच पोस्टरने पडला नाही. तुमच्याकडे मीटिंग शिफ्टच्या वेळेतून जात असेल तर टार्गेटमधून ती वजा केलीय का हे आजच बघा, आणि मीटिंग शिफ्टच्या आधी बोलावून घेत असाल तर त्या 10 मिनिटांचे पैसे मिळतात का ते पण बघा, कारण फुकटच्या मीटिंगमध्ये माणसाचं लक्ष घड्याळाकडे असतं.

मशीनवर जाऊन विचारलं तेव्हा खरी गोष्ट कळली

इतकं सगळं केलं तरी मूळ प्रश्न राहतोच की हात आत जातोच का. म्हणून एक दिवस मीटिंग शेडमध्ये न घेता त्या प्रेसपुढेच घेतली, मशीन बंद, मेन स्विच खाली, त्याला कुलूप आणि चावी माझ्या खिशात. 100 टनी प्रेस आहे, एक ब्रॅकेट असतो त्याला दोन भोकं पाडायचं काम. मी ऑपरेटरला विचारलं, मामा, हात आत कधी जातो. मामा म्हणजे 22 वर्षं प्रेसवर काम केलेला माणूस. ते म्हणाले, साहेब, हात घालायची हौस नाय कुणाला, पीसच सुटत नाय.

मग त्यांनी दाखवलं. भोक पाडून पंच (वरून येणारा, भोक पाडायचा दांडा) वर जाताना पीस पंचालाच धरून वर जातो, मध्येच वाकडा होऊन सुटतो आणि डायवर तिरका पडतो. 15-20 पिसांमागं एकदा होतं. तिरका पडलेला पीस तसाच ठेवून स्ट्रोक मारला तर पंच तुटतो, आणि पंच तुटला की बोलणी बसतात, म्हणून माणूस बोटाने सरळ करतो. पीस पंचाबरोबर वर जातोय याचा अर्थ स्ट्रिपर, म्हणजे पंचाभोवतीची स्प्रिंगवाली प्लेट, त्याला खाली दाबून धरत नाही. टूलरूमवाल्याला तिथंच बोलावलं, त्याने डाय खोलली, स्ट्रिपरच्या चार स्प्रिंगांपैकी दोन पार बसलेल्या, एक तुटलेली.

स्प्रिंगा. काही शे रुपयांचं काम. आणि आम्ही आठ महिने माणसांना सांगत होतो की हात घालू नका. मी स्वतः सेटर होतो, मला हे दिसायला पाहिजे होतं, पण मी मीटिंगमध्ये बोलत होतो आणि मशीन तिकडं लांब होतं.

त्याच मीटिंगमध्ये अजून दोन गोष्टी निघाल्या. एक, मॅग्नेटवाला चिमटा दिलेला होता पण तो ठेवायला जागा नव्हती, क्रेटमध्ये पडायचा आणि पिसांबरोबर पुढच्या ऑपरेशनला निघून जायचा, मग ऑपरेटर शोधत बसणार की काम करणार. प्रेसच्या उजव्या अंगाला हुक मारला, चिमट्याला पिवळा रंग दिला, रिकामा हुक लांबूनही दिसतो. दुसरी गोष्ट, दोन हातांच्या बटणांपैकी एकाला मागच्या शिफ्टमध्ये लाकडी पट्टी अडकवून ठेवतात. का, तर दुसरा हात पीस धरायला मोकळा राहतो. यावर मी कुणाला ओरडलो नाही, पॅनेल बघितलं तर साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) होता, दोन्ही बटणं दाबलेली असली की झालं. खरं तर दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली पाहिजेत आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली पाहिजेत, तरच पुढचा स्ट्रोक मिळाला पाहिजे, तसा सेफ्टी रिले मिळतो, तो बसवला, पट्टीचा विषय संपला.

थोडं लाईट कर्टनबद्दल, म्हणजे हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, कारण अपघात झाला की मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं सगळ्या प्रेसना लाईट कर्टन लावा. आमच्याही मालकांनी सांगितलं, चांगल्या मनाने सांगितलं, पण आमच्या सातपैकी तीन प्रेस जुन्या की-क्लचच्या आहेत. त्या प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की पूर्ण फेरा झाल्याशिवाय थांबतच नाही, कर्टनने सिग्नल दिला तरी रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा भाग, खाली येणारच. तिथं कर्टन लावला तर माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत आणि तो जास्त बिनधास्त हात घालतो, ते जास्त वाईट. अशा प्रेसला डायभोवती फिक्स गार्ड पाहिजे, पीस आत जाईल एवढीच फट, बोटं आत जाणार नाहीत एवढी. न्यूमॅटिक, म्हणजे हवेवर चालणाऱ्या क्लचच्या प्रेस मध्येच थांबवता येतात, त्यांना कर्टन चालतो पण तो डायपासून किती लांब लावायचा हे मोजून ठरवावं लागतं. हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरतात, प्रेस थांबायला सगळं मिळून 0.2 सेकंद लागत असेल तर नुसत्या त्याचेच 400 मिलिमीटर होतात, त्यावर आणखी थोडं वाढवावं लागतं. आणि ब्रेकची लायनर झिजली की थांबायचा वेळ वाढतो, म्हणजे काल बरोबर असलेलं अंतर आज कमी पडतं. म्हणून आमच्या मीटिंगला आता आठवड्यातून एकदा मेंटेनन्सचा माणूस असतो, ब्रेक कधी बघितला ते तो सगळ्यांसमोर सांगतो.

मग हे आधी कुणी का सांगितलं नाही

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचला. मामांना मी नंतर चहाच्या वेळी एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, सांगितलं होतं की, दिवाळीच्या आधी. कुणाला, तर तेव्हाच्या सेटरला, मीटिंगमध्येच. सेटर म्हणाला बघतो, आणि पुढं काही झालं नाही. मग दुसऱ्या एका पोराने फोर्कलिफ्ट वळताना धक्का लागता लागता वाचला ते सांगितलं, तर त्यालाच सगळ्यांसमोर विचारलं की तू तिथून चालतच का होतास. त्या दिवसानंतर आमच्या मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडलं नाही. माणसं मुकी नव्हती, आम्हीच त्यांना गप्प केलं होतं.

तुमच्याकडे कुणी बोलत नसेल तर मागं कधी कुणी बोललं होतं आणि त्याचं काय झालं ते शोधा, शंभर टक्के अशी एक गोष्ट सापडेल. त्यात ठेकेदाराच्या माणसांचं अजून वेगळं, त्यांना वाटतं तक्रार केली तर उद्या गेटपास बंद. त्यांच्या ठेकेदाराला बोलावून मी आणि प्रॉडक्शन मॅनेजरने दोघांनी मिळून स्पष्ट सांगितलं की निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, सांगितला म्हणून एकाही माणसाला काढायचं नाही, आणि ते त्या माणसांच्या समोर सांगितलं.

आता आमचा नियम असा आहे की मीटिंगमध्ये कोण चुकलं हे विचारायचंच नाही, काय झालं आणि कुठं झालं एवढंच. सगळ्यांना सुरक्षित काम करा वगैरे सांगून सुरुवात करत नाही, एक प्रश्न विचारतो, काल कुठं भीती वाटली. पहिले चार-पाच दिवस शांतता होती, शांतता राहू द्यायची, आपण बोलून भरून काढायची नाही. सहाव्या दिवशी एका हेल्परने सांगितलं की स्क्रॅपची बिन हायड्राने (फिरत्या क्रेनने) उचलतात त्या स्लिंगचा, म्हणजे उचलायच्या पट्ट्याचा, एक पदर तुटलाय. स्लिंग त्याच क्षणी बाजूला काढून कापून टाकली, मीटिंग चालू असतानाच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी तीन जण बोलले.

लिहून ठेवायचं आणि कुणी करायचं

शेडच्या भिंतीवर साधा पांढरा बोर्ड लावला. चार रकाने, काय सांगितलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, झालं का. सांगणाऱ्याचं नाव त्याने हो म्हटलं तरच लिहायचं. करणाऱ्याचं नाव मात्र लिहायचंच, मेंटेनन्स असं डिपार्टमेंट नाही, माणसाचं नाव, कारण डिपार्टमेंटच्या नावावर लिहिलेलं काम कुणाचंच नसतं. रोजची मीटिंग ह्या बोर्डपासून सुरू होते, कालचं काय झालं ते आधी. जे जमणार नाही ते जमणार नाही असं कारणासकट सांगायचं, पोरांना ते चालतं, महिना महिना काम चालू आहे ऐकलेलं चालत नाही. छपराचे पंखे लगेच होणार नाहीत, बजेट पुढच्या वर्षी आहे, असं सांगितलं तर कुणी रागावलं नाही.

महिन्याच्या सेफ्टी कमिटीचं थोडक्यात. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सेफ्टी कमिटी आली आणि तिच्यात कामगार आणि मॅनेजमेंटचे प्रतिनिधी सारखे असायला पाहिजेत असं आलं. आमचं प्रेसशॉप त्यात बसो न बसो, सारख्या संख्येची गोष्ट आम्ही घेतली, कारण आधी कमिटीत सहा स्टाफ आणि दोन कामगार होते आणि ते दोघं चहा पिऊन उठायचे. आता चार आणि चार, आणि बोर्डवर 15 दिवसांच्या वर अडकलेलं कामच तिथं घेतो, दुसरा विषय नाही. 4 मार्चला सेफ्टी डे असतो तेव्हा शपथ, बॅज, स्पर्धा सगळं होऊ द्या, पोरांना आवडतं, बक्षीसही द्या, फक्त या वर्षी आम्ही बक्षीस घोषवाक्याला न देता वर्षात सगळ्यात जास्त धोके दाखवून देणाऱ्याला दिलं. ते मामांना मिळालं.

अजून न सुटलेलं एक आहे ते सांगतो. दुपारी 3:30 ला शिफ्ट बदलते तेव्हा पहिल्या शिफ्टवाल्यांची बस उभी असते, दुसऱ्या शिफ्टचे घाईत येतात, आणि कुठल्या मशीनवर काय बिघडलंय हे सांगायला दोन माणसं समोरासमोर भेटतच नाहीत. सध्या प्रत्येक प्रेसला पाटी आणि खडू बांधलाय, जाणाऱ्याने लिहून जायचं, येणाऱ्याने वाचून सही करायची. पण लिहिता न येणारे ऑपरेटर आहेत, त्यांच्यासाठी लाल रिबन ठेवलीय, काही गडबड असेल तर जाताना पायडलला बांधून जायची, आणि रिबन दिसली की सेटरने बघितल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. तीन आठवडे झाले, आतापर्यंत पाच वेळा रिबन बांधलेली दिसली, त्यातली एक मामांच्याच प्रेसवर होती आणि परत स्ट्रिपरची स्प्रिंगच निघाली, या वेळी एकच बसली होती, आणि बोटाला लागायच्या आधी.